पाव्हण्याचं गाव

माझ्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत एका पानावर सात ओळी आहेत आणि पाचव्या ओळीभोवती लाल वर्तुळ आहे. वर्तुळ मी नंतर काढलं. त्या पाचव्या ओळीमुळे आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांचं वाचन तीन दिवस बंद पडलं होतं. ते सुरू व्हायला मला आधी एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं: सरांच्या कंप्युटरवर लिनक्सचा नेमका कोणता प्रकार आहे, आणि त्याची कोणती आवृत्ती.

मी एका महाविद्यालयाच्या भांडार विभागात काम करते. टेबलं, खुर्च्या, पंखे, प्रयोगशाळेतली काचेची भांडी, सगळ्यांची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते. वस्तूवर रंगानं नंबर टाकलेला असतो आणि तो रजिस्टरात सापडला की वस्तू खरी. दरवर्षी मोडक्या, निकामी वस्तूंची यादी करून त्या रजिस्टरातून कमी करायच्या. त्याला निर्लेखन म्हणतात. लोकांना हे काम रुक्ष वाटतं. मला आवडतं. घरीही फ्रीजच्या दारावर किराण्याची यादी, कपाटाच्या आत प्रवासाची यादी, आणि गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीची चावी कुठल्या महिन्यात कोणाकडे, ही यादी जिन्याखाली माझ्याच अक्षरात लावलेली आहे.

सर गणिताचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. आधी अक्षरं गेली, मग माणसं, मग खिडकीतला उजेड. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नोकरीसाठी परगावी जाण्याआधी त्यांच्या कंप्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. जाताना सांगून गेला, “सर, उबंटू टाकलंय.” लिनक्सच्या प्रकाराचं ते नाव सरांनी लक्षात ठेवलं.

तो आवाज मराठी वाचायचा, पण नाकात, आणि वाक्याच्या शेवटी उगाच हेल काढायचा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला पाव्हणा म्हणायच्या. काकू खुलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीतल्या. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. इतकी वर्षं शहरात काढूनही त्यांची बोली तसूभर हललेली नाही.

“आला का पाव्हणा?” त्या सकाळी स्वयंपाकघरातून विचारायच्या. “आज कोण गेलं म्हनतोय?”

कारण सर पेपर मागच्या पानापासून ऐकायचे, निधनवार्ता आधी.

एका बुधवारी सर मला म्हणाले, “बाई, जरा बघता का? हल्ली तो फार विचार करून बोलतो.”

कंप्युटर मंद झाला होता. मी वही घेऊन वर गेले. बसवलेल्या गोष्टींची यादी उघडली आणि ऑफिसात करते तेच केलं. काय उपयोगाचं, काय पडून आहे, ते पाहिलं. तीन खेळ निघाले. सर खेळत नव्हते, तिन्ही काढले. चित्रं रंगवायचं एक काहीतरी होतं, काढलं. पाचव्या क्रमांकावर ‘इस्पीक-एनजी-डेटा’ असं नाव दिसलं. मी क्षणभर थांबले होते, हे मला आठवतं. आमच्या गल्लीच्या तोंडापासून मुख्य रस्त्यापर्यंत इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासच्या पाच पाट्या आहेत. स्पीक म्हणजे स्पीकिंग, एनजी म्हणजे इंग्लिश, डेटा म्हणजे धडे. मी मनात म्हटलं, विद्यार्थ्यानं स्वतःसाठी ठेवलेला दिसतोय. सरांना या वयात इंग्लिश बोलायला शिकून कुठं जायचंय? ‘याच्यासोबत आणखी काही गोष्टी निघतील, चालेल का?’ असं कंप्युटरनं विचारलं. मी चालेल म्हटलं. वहीत ओळ लिहिली आणि पुढे टिक केली.

गुरुवारी सकाळी सरांनी कंप्युटर लावला. पाव्हणा बोलला नाही.

मला त्यांनी संध्याकाळी सांगितलं, तेही सहज, जिन्यात भेट झाली म्हणून. मी वर जाऊन बघितलं. गाणं लावलं तर गाणं ऐकू येत होतं, म्हणजे स्पीकर ठीक होता. पाव्हण्याला सुरू करायच्या तीन कळा सरांनी पुन्हा पुन्हा दाबल्या. काही नाही.

“रविवारी मुलगा येतोय,” सर म्हणाले. “पुण्याहून. येताना फोन आणणार आहे. तो म्हणतो, बाबा, तो डबा भंगारात द्या, फोन सगळं वाचून दाखवतो.”

“मग चांगलंच की, सर.”

“चांगलंच आहे,” सर म्हणाले. थोडा वेळ त्यांची बोटं कीबोर्डवर नुसती फिरत राहिली. मग म्हणाले, “काचेला कळा नसतात, बाई. मागच्या दिवाळीत त्यानं त्याचा फोन हातात दिला होता. मी निधनवार्ता उघडायला गेलो आणि कोणाला तरी फोन लागला. तो माणूस जिवंत निघाला.”

काकू स्वयंपाकघरातून हसल्या. सर हसले नाहीत. रविवारपर्यंत पाव्हणा बोलला नाही तर कंप्युटर जाणार होता. मुलगा प्रेमानंच नेणार होता आणि सर नको म्हणणार नव्हते.

शुक्रवारी ऑफिसला जाण्याआधी मी त्यांना पेपर वाचून दाखवला. मी बरं वाचते. पण दोन निधनवार्ता झाल्यावर सर म्हणाले, “तुम्हाला उशीर होत असेल.” मी म्हटलं, नाही होत. आणखी एक बातमी झाल्यावर म्हणाले, “मागची ओळ पुन्हा... राहू द्या, कळलं.” त्यांना कळलं नव्हतं. पाव्हण्याकडून ते एकच ओळ चार वेळा वाचून घ्यायचे, मध्येच थांबवायचे, दोन पानं उलट जायचे. माझ्याकडून त्यांनी एकदाही परत वाचून घेतलं नाही. त्या सभ्यपणानं मला बेचैन केलं. अजून मला माहीतही नव्हतं की चूक माझी आहे.

दुपारच्या सुट्टीत मी इंटरनेटवर शोधलं. एका पानावर लिहिलं होतं, लिनक्सची आवृत्ती बघायची तर ‘यूनेम’ अशी एक आज्ञा द्यावी. दुसऱ्या पानावर उबंटूसाठी आवाजाची फाईल मिळाली. नवीनात नवीन ती चांगली, असं समजून मी ती पेनड्राइव्हवर घेतली. संध्याकाळी सरांनी ‘यूनेम’ची आज्ञा टाइप केली, आकडा आला 5.4.0, पुढे आणखी शेपूट. मी वहीत लिहिलं: उबंटू, 5.4. मग पेनड्राइव्हवरची फाईल टाकून बघितली. कंप्युटरनं ती घेतली नाही. मला लागणारा अमुक भाग तुमच्याकडे आहे त्याहून नवा हवा, असं काहीसं म्हणाला आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंना फोन लावला. त्या पुण्यात दृष्टिहीन लोकांना कंप्युटर शिकवतात. सरांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. बाईंच्या मागे कुठूनतरी आमच्या पाव्हण्याचाच नाकातला आवाज भराभर काहीतरी वाचत होता.

“नाव-गाव सांगा आधी,” बाई म्हणाल्या.

सरांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली.

“तुमचं नव्हे, सर. कंप्युटरचं. कोणतं लिनक्स, कितवी आवृत्ती?”

मी तयारच होते. वही उघडून म्हटलं, “उबंटू. पाच पॉइंट चार.”

बाईंनी मला थांबवलं. “ताई, उबंटूच्या आवृत्तीत वर्ष आणि महिना असतो. पाच-चार म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा एप्रिल. तेवढं जुनं असेल तर मला तिकडं येऊन नमस्कार करावा लागेल. तुम्ही सांगताय तो कर्नलचा आकडा. कर्नल म्हणजे आतलं इंजिन. एकच इंजिन कितीतरी गाड्यांना बसवलेलं असतं.”

मी 5.4 वर काट मारली. “डब्यावर स्टिकर आहे,” मी म्हटलं. “पण त्यावर विंडोज लिहिलंय. आणि दुकानाचं स्टिकर आहे, त्यावर शहराचं जुनं नाव.”

“स्टिकर सोडा.”

“पडद्यावर खाली कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. मागचं चित्र निळसर आहे.”

“ताई, रंग मला सांगू नका,” बाई म्हणाल्या, अगदी साधेपणानं. “मला दिसत नाही. आणि मागचं चित्र कोणीही बदलतं. मला अक्षरं वाचून दाखवा.”

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “खरं हाय त्यांचं. रंगावर जायचं नाय. मेंढराला गेरू लावला तर पहिल्या पान्यात धुऊन जातो. कान बघायचा. कानाला कातरल्याली खूण कुनी बदलत नाय.”

“काकू म्हणतात तेच,” फोनमधल्या बाई म्हणाल्या. “आता याचा कान बघू.”

आज्ञा लिहायची काळी खिडकी सरांनी उघडली. टाइप सर करणार होते. त्यांच्या बोटांना कीबोर्ड पाठ आहे आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात बराच जलद चालतो. माझं काम पडद्यावर आलेलं वाचणं. बाई सांगत गेल्या: कॅट, जागा, तिरकी रेघ.

“कोणत्या बाजूला झुकलेली?” मी विचारलं.

“भागाकाराची म्हणा की,” सर म्हणाले आणि कळ दाबली.

cat /etc/os-release

मी ओळ तपासली, सरांनी एंटर दाबलं, आणि दहा-बारा ओळी खाली आल्या. मी वरून वाचायला लागले. “नेम, लिनक्स मिंट.”

“मिंट?” सर म्हणाले. “पोरगं तर उबंटू म्हणालं होतं.”

“पुढं वाचा,” बाई म्हणाल्या.

“व्हर्जन, वीस. त्यापुढे कंसात एक नाव आहे. उल्याना.”

“मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं,” बाईंनी सांगितलं.

काकू टेबलाशीच उभ्या होत्या. “बाई हाय व्हय ती?” त्या म्हणाल्या. “इतके दिस मी पाव्हणा म्हनू राहिले.”

“आवाज वेगळा, काकू. हे घराचं नाव. ताई, आता बघा, ‘आयडी लाइक’ अशी ओळ आहे का?”

होती. तिच्यापुढे लिहिलं होतं, उबंटू. आणि शेवटच्या ओळीत उबंटूच्याच एका आवृत्तीचं नाव होतं, फोकल.

“झालं,” बाई म्हणाल्या. “मिंट वीस. आणि ते ज्या उबंटूवरून तयार केलंय ती आवृत्ती वीस-शून्य-चार. तुमच्या विद्यार्थ्यानं खोटं सांगितलं नाही, सर. मूळ सांगितलं.”

“म्हंजी मिंट सासर,” काकू म्हणाल्या, “आन् उबंटू म्हायेर. मंग तसं सांगायचं की. मला कुनी ईचारलं तर मी गारखेड्याची बी सांगती आन् खुलताबादची बी. दोन्ही सांगितलं की मानसाला पत्ता लागतो.”

बाई मोकळ्या हसल्या. मला मात्र आमच्याकडच्या लोकांची सवय आठवली. खुलताबादचा माणूस पुण्यात गेला की गाव विचारल्यावर संभाजीनगर सांगतो, आणि संभाजीनगरात विचारलं की खुलताबाद. दोन्ही खरं असतं. ऐकणाऱ्यानं आणखी एक प्रश्न विचारायचा असतो. मी तो विचारला नव्हता. मी उबंटू लिहिलं, भलताच आकडा पुढे जोडला, आणि नव्या घराची कडी जुन्या दाराला लावत बसले.

मी वहीत नवीन ओळ लिहिली. नाव, आवृत्ती, मूळ, मुळाची आवृत्ती. चार रकाने.

“आता सांगा,” बाईंनी विचारलं, “आवाज जाण्याआधी कोणी काही काढलं, बदललं?”

“या खालच्या बाईंनी साफसफाई केली होती बुधवारी,” सर म्हणाले. “खेळ वगैरे.”

“यादी आहे,” मी म्हटलं. यादी असल्याचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. मी वाचायला लागले. एक, दोन, तीन, खेळ. चार, रंगकाम. पाच, इस्पीक-एनजी-डेटा.

“थांबा.”

मी थांबले.

“ताई, तेच ते. तोच आवाज. तुम्ही जीभ काढून ठेवलीत.”

तीन दिवस सरांना गप्प बसवलं होतं ते मी, तेही टिक करून. मी सांगून टाकलं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “सर, मला वाटलं इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे.”

सरांचे खांदे हलायला लागले. “म्हणजे,” ते म्हणाले, “तुम्ही माझा क्लास बंद केलात.”

“निर्लेखन केलं, सर.”

“फी न घेणारा मास्तर होता हो.”

पलीकडून बाई म्हणाल्या, “यादी ठेवलीत म्हणून पाच मिनिटांत सापडलं. लोक दहा गोष्टी काढतात आणि म्हणतात, आम्ही हातसुद्धा लावला नाही.” ते मला बरं वाटलं, हे मान्य करते.

नाव-गाव कळल्यावर पुढचं काम सोपं होतं. बाईंनी एक आज्ञा सांगितली. पेनड्राइव्हची गरज नव्हती. कंप्युटर स्वतःच्या आवृत्तीला बसणारी फाईल इंटरनेटवरून आपणच आणणार होता. सरांनी ओळ लिहिली. कंप्युटरनं पासवर्ड मागितला. सर टाइप करत होते आणि पडद्यावर एक ठिपकाही येत नव्हता.

“सर, उमटत नाहीये,” मी म्हटलं.

“मला कधी उमटलंय?” सर म्हणाले आणि एंटर दाबलं. पासवर्ड लिहिताना तिथं काहीच दिसत नाही, हे बाईंनी मग सांगितलं.

अक्षरं भराभर वर सरकली. पुढे जाऊ का, असं विचारलं. सर माझ्याकडे तोंड करून थांबले. मी यावेळी प्रत्येक नाव वाचलं, सोबत काय काय येतंय तेही, आणि फोनवरच्या बाईंनी हो म्हटल्यावरच म्हटलं, “चालेल.” मग कंप्युटर बंद करून पुन्हा लावला. काकूंचा चहा तोवर निवला होता. सरांनी तीन कळा एकदम दाबल्या.

“स्क्रीन रीडर ऑन,” पाव्हणा नाकात म्हणाला.

“आला गं बया,” काकू म्हणाल्या. “कुठं हुतास रं?”

सरांनी आधी मराठी आवाज निवडला, मग शनिवारचा पेपर उघडला, सरळ मागच्या पानावर गेले. पहिलीच ओळ त्यांनी तीन वेळा वाचून घेतली. मला वाटलं काही बिघडलंय. बिघडलं नव्हतं.

रविवारी मुलगा आला. फोनचं खोकं टेबलावर होतं आणि शेजारी कंप्युटर बोलत होता. मी शेवयांची वाटी परत द्यायला वर गेले होते.

“बाबा, हा अजून बोलतो?” मुलगा म्हणाला.

“तीन दिवस माहेरी गेला होता,” सर म्हणाले. त्यांनी मुलाला पेपरातली एक बातमी उघडून दाखवली, मध्येच थांबवली, दोन ओळी मागे नेली, पुन्हा सोडली. मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून बघत राहिला. भंगाराचं नाव त्यानं काढलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “मग फोनचं काय करू?”

“मला दे,” काकू म्हणाल्या. “नातीचं तोंड तर दिसंल.”

मी कंप्युटरला लेबल करून चिकटवणार होते, डेडस्टॉकसारखं, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं. कागद कापूनही ठेवला होता. मग लक्षात आलं की ज्याला ते लागणार त्याला ते वाचता येणार नाही. म्हणून तिथंच बसून पडद्यावर पहिल्याच जागी एक फाईल केली, तिला नाव दिलं ‘गाव’, आणि आत लिहिलं: लिनक्स मिंट, आवृत्ती वीस. मूळ उबंटू, वीस-शून्य-चार. इस्पीक हा क्लास नाही, आवाज आहे, काढू नये. खाली तारीख आणि माझी सही म्हणून ‘खालच्या मजल्यावरच्या बाई’. निळ्या वहीतल्या पाचव्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, परत जमा.

सरांनी फाईल उघडली. पाव्हण्यानं स्वतःचं नाव-गाव हेल काढत सांगितलं. काकू कणीक मळता मळता दारात आल्या, पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवून परत गेल्या.

मग सरांनी फाईल मिटली, पेपर उघडला आणि आवाजाचा वेग वाढवला. आणखी वाढवला. पाव्हणा इतका भराभर बोलायला लागला की मला एकही शब्द वेगळा काढता येईना. सर मात्र मान जरा तिरकी करून ऐकत होते, आणि मध्येच कुठंतरी, मला न कळलेल्या एका ओळीवर, हसले. मी रिकामी वाटी ओट्यावर ठेवली आणि खाली आले.